हातात दिलेला अर्ज

सरकारी ऑफिसात पाऊल टाकल्याबरोबर जे पहिलं टेबल लागतं, ज्याच्यापर्यंत पंख्याचा वारा येत नाही पण रस्त्यावरची धूळ सगळी येते, त्या टेबलावर मी नोकरीची बहुतेक वर्षं काढली. आवक-जावक. बाहेरून आलेला कागद घ्यायचा, वहीत चढवायचा, त्याला नंबर द्यायचा, शिक्का मारायचा आणि आत पाठवायचा. आतून निघालेला कागद तसाच बाहेर धाडायचा. ह्याशिवाय लोकांना मी दोनच गोष्टींसाठी हवी असायची, साहेब आलेत का ते विचारायला आणि बाथरूम कुठं आहे ते विचारायला. पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असायचं आणि दुसऱ्याचं उत्तर द्यायची मला लाज वाटायची.

ऑफिसचं नाव सांगत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातलं, तालुक्याचं, जमिनीच्या कामाचं, एवढं पुरे. तिथली माणसं अजून नोकरीत आहेत आणि त्यातली काही मला घरच्या लग्नाला बोलावतात.

आमच्याकडे टेबलं दोन प्रकारची, ओली आणि कोरडी. जिथं सही अडते ते ओलं. जिथं काहीच अडत नाही आणि म्हणून कुणी काही देत नाही ते कोरडं. आवक-जावक हे सगळ्यात कोरडं. मी रुजू झाले तेव्हा ते माझ्याच वाट्याला का आलं हे कुणी सांगितलं नाही, आणि कांबळे हे आडनाव ऐकल्यावर मीही विचारलं नाही. घरी वडील मात्र खूश. ते जन्मभर दुसऱ्याच्या शेतात आणि मग गुऱ्हाळात राबले. आमच्या घरात बुद्धाच्या फोटोखाली एक पत्र्याची पेटी असायची आणि तिच्यात आम्हा भावंडांचे शाळेचे दाखले. ते म्हणाले, "सगळा कागद तुझ्या हातनं जाणार व्हय? मग आनि काय पायजे?" मला ते बोलणं भाबडं वाटलं. त्यांचं बरोबर होतं हे कळायला मला फार वर्षं लागली.

भ्रष्टाचार म्हटलं की लोकांना टेबलाखालून जाणारं पाकीट दिसतं. रोजचा भ्रष्टाचार तसा नसतो. तो एक शब्द वावगा बोलत नाही. साहेब मीटिंगला गेलेत. एक त्रुटी निघालीय. पुढच्या सोमवारी या की. जरा भेटून घ्या. माणूस चार सोमवार येतो आणि पाचव्या सोमवारी आपणच हळूच विचारतो, काय द्यावं लागतं का? म्हणजे मागितलं कुणीच नाही, त्यानं आपणहून दिलं. वर घरी जाताना, साहेब तसा माणूस चांगला हाय, असं म्हणत जातो. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की पायऱ्या उतरणाऱ्या माणसाच्या पाठीवरून मला कळायचं, हा आज देऊन चाललाय.

ह्या सगळ्याला लागते ती एकच गोष्ट. तुमचा अर्ज आला होता हे तुम्हाला सिद्ध करता येऊ नये. अर्जावर नंबर आणि तारीख पडली की दिवस मोजले जायला लागतात. लोकसेवा हक्काचा कायदा आहे. त्यात कोणतं काम किती दिवसांत व्हायला हवं हे ठरवून दिलेलं आहे. नाही झालं तर वरच्या साहेबाकडे अपील, आणि कामचुकाराला दंडसुद्धा. पण दिवस मोजायचे कोणत्या तारखेपासून? तुमच्याजवळ पोच असेल त्या तारखेपासून. पोच म्हणजे तुमच्याच अर्जाची दुसरी प्रत, तिच्यावर आमचा शिक्का, नंबर, तारीख आणि सही. ती जवळ असली की 'तुमचा अर्ज मिळालाच नाही' हे वाक्य ऑफिसात कुणाला बोलता येत नाही. नसली तर तुमचा अर्ज भजी बांधायच्या लायकीचा.

आमची माणसं चुकायची ती इथंच. ही चूक अडाणीपणाची नव्हती, चांगुलपणाची होती. आमच्याकडे एखाद्याच्या हातात कागद देऊन त्याची पावती मागणं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणणं. त्यापेक्षा लोक थेट साहेबाला गाठायचे, गाडीतून उतरताना, जेवून हात धुताना, कुठंही, आणि अर्ज त्याच्या हातात द्यायचे. मग माझ्यासमोर छाती काढून सांगायचे, "सायबांच्या सोता हातात दिलाय की." जणू टेबलावर दिलेला अर्ज साधा आणि हातात दिलेला स्पेशल. तो स्पेशल अर्ज साहेबाच्या खिशातून घरी जायचा आणि धुण्यात भिजायचा.

आता माझं सांगते. मी कधी कुणाचा रुपया घेतला नाही आणि हे मी पूर्वी फार अभिमानाने सांगायची. पण आमच्या ऑफिसात एक न लिहिलेला नियम होता, अर्ज आधी आत दाखवायचा, साहेबांनी मान हलवली तरच आवक करायचा. तो नियम मी वर्षानुवर्षं पाळला. नोकरीच्या सुरुवातीला मी दुसऱ्या एका तालुक्यात ह्याच टेबलावर होते, नियमही तोच. तिथं इचलकरंजीचा एक यंत्रमागावरचा कामगार रहिवासी दाखल्यासाठी यायचा. मूळचा बाहेरच्या राज्यातला, रात्रपाळी करून सरळ यायचा, केसांत सुताचे कण. तो पोच मागायचा आणि मी म्हणायचे, आधी साहेबांना दाखवा. पाच वेळा आला. पाचव्या खेपेला त्याने अर्जाची घडी घातली, मला नमस्कार केला आणि निघून गेला, तो परत आलाच नाही. त्या नमस्काराची मला आजही लाज वाटते. मी घेतलं काही नाही, पण त्याचं काम अडवणाऱ्या हातांत एक हात माझा होता.

माझी खोड मोडायला सुरुवात केली ती मानेअण्णांनी. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेला हा माणूस. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशात तीन पेनं, आणि ऑफिसातल्या मोडक्या बाकाबद्दलसुद्धा तक्रार अर्ज देणारा. पहिल्या दिवशी त्यांनी पोच मागितली. मी ठरलेलं उत्तर दिलं, शिक्क्याचं पॅड वाळलंय, उद्या या. हे उत्तर मला आधीच्या कारकुनाने चार्ज देताना शिकवलं होतं. अण्णा जिना उतरून गेले आणि वीस मिनिटांनी नवं कोरं पॅड आणि शाईची बाटली घेऊन आले.

"घ्या मॅडम. आता मारा शिक्का."

मी निमूट मारला. मग त्यांनी पिशवीतून दुसरा कागद काढला. त्यावर लिहिलं होतं की त्यांनी ऑफिसला एक पॅड आणि एक शाईची बाटली भेट दिली आहे. म्हणाले, "ह्याची बी पोच द्या." सगळं ऑफिस हसलं. मीसुद्धा हसले, पण पोच दिली. ते पॅड मी पुढं सहा महिने वापरलं आणि दरवेळी ते उघडताना मला थोडं ओशाळं व्हायचं.

निवृत्तीला जेमतेम वर्ष राहिलं असताना सुनंदा आली. शुक्रवार होता, साडेदहा वाजले होते. कोडोलीच्या पलीकडचं एक गाव, त्याचंही नाव नको. पस्तिशीची बाई, दोन म्हशी, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध. नवरा चार वर्षांपूर्वी वारलेला, दोन मुली. सासरा तीन महिन्यांपूर्वी गेला. जमीन सासऱ्याच्या नावावर होती. सासू आधीच वारलेली, सासऱ्याला मुलं दोनच, सुनंदाचा नवरा आणि तिचा दीर. म्हणजे आता दिराबरोबर सुनंदाचं आणि तिच्या दोन्ही मुलींचं नाव सातबाऱ्यावर लागायला हवं होतं. कायद्यात त्यावर दुमत नाही.

दिराने तलाठ्याकडे वारस म्हणून एकट्याचंच नाव दिलं होतं.

अशी नोंद लगेच पक्की होत नाही. तलाठी आधी फेरफार धरतो, म्हणजे नावबदलाची कच्ची नोंद करतो, नोटीस काढतो आणि पंधरा दिवस वाट पाहतो. ह्या पंधरा दिवसांत ज्याला ते मान्य नाही त्याने हरकत घ्यायची. हरकत आली तर मंडळ अधिकाऱ्यांपुढे सुनावणी. नाही आली तर 'मुदतीत हरकत नाही' असा शेरा पडतो आणि नोंद मंजूर. सुनंदाचा दीर बांधकामवाल्याशी बोलणी करून बसला होता. रस्त्याकडेची जमीन. एकट्याचं नाव लागलं की दुसऱ्या आठवड्यात तो विकणार, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मग सुनंदाने नुसते दावे लावत बसायचं, दोन म्हशींच्या जोरावर.

"मुदत कधी संपते?" मी विचारलं.

"सोमवारी. पर मी हरकत दिल्ती की मॅडम. तीनदा गेलतो. तिन्ही बारीला भाऊसाहेबांच्या हातात दिलाय अर्ज." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, गेलतो, आलतो. भाऊसाहेब म्हणजे तलाठी.

मी कॉम्प्युटरवर फेरफार काढला. हरकतीच्या रकान्यात काही नव्हतं. आता सगळं ऑनलाइन आहे हे खरं, पण हातात घेतलेला कागद कुणीतरी तिथं चढवावा लागतो.

"पोच घेतलीस?"

"कसली पोच?"

"अर्ज मिळाला म्हणून सही."

ती म्हणाली, "भाऊसाहेब आमच्या दिराच्या वर्गातलं. लग्नात मला ओवाळणी घातलीया त्यांनी. त्यांच्याकडं पावती मागायची म्हंजे..." मग आवाज खाली आणून म्हणाली, "काल म्हणालं, वर सायबांचं बघावं लागतंय, जरा तयारीनं ये. दिराकडनं घेतलंय ते घेतलंय, आता माझ्याकडनं बी मागायल्यात."

ती रडत नव्हती. रडली असती तर मी पाणी दिलं असतं, दोन शब्द बोलले असते आणि पुढचा माणूस बोलावला असता. ती माझ्या शिक्क्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "सुनंदा, डेअरीत दूध घातल्यावर काय मिळतं?"

"चिठ्ठी. किती लिटर, फॅट किती."

"चिठ्ठी न घेता कधी घरी गेलीस?"

"खुळी हाय व्हय मी?"

"डेअरीचा सेक्रेटरी कोण?"

"चुलत सासरा माझा." असं म्हणाली आणि लगेच कपाळावर हात मारून घेतला. पुढं मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

अर्ज तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिला, काय काय यायला हवं तेवढं मी सांगितलं. दोन प्रती. सोबत मृत्यूचे दाखले, रेशनकार्ड, मुलींचे जन्मदाखले. मी शिक्का उचलला तेवढ्यात अव्वल कारकून खुर्चीतून उठून आले. त्यांना आपण रावसाहेब म्हणू. माणूस बोलायला गोड. तलाठ्याचा फोन त्यांना आधीच आला असावा.

"कांबळेबाई, तो अर्ज आवक करू नका. फेरफाराची हरकत तलाठ्याकडं द्यायची असते, आपल्याकडं नाही."

त्यांचं अर्धं बरोबर होतं. म्हणूनच ते इतकी वर्षं टिकले. पण चुकीच्या टेबलावर आलेला अर्ज परत करायचा नसतो, घेऊन योग्य टेबलाकडे पाठवायचा असतो, हेही तितकंच खरं. एरवी मी मान हलवली असती. त्या दिवशी मला सुताचे कण असलेला तो माणूस आठवला असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण खरं सांगायचं तर मला रावसाहेबांच्या त्या गोड आवाजाचाच राग आला. मी म्हटलं, "हा अर्ज घेऊ नये, असं मला लेखी द्या साहेब. ते आवक करते, मग हा परत करते."

तीस वर्षांच्या नोकरीत मी कुणाकडं कुठलीही गोष्ट लेखी मागितली नव्हती. रावसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तुमची मर्जी," म्हणाले आणि खुर्चीवर जाऊन बसले. मी शिक्का मारला. जरा जोरातच मारला.

पण शिक्का मारून सुनंदाचं काम झालं नव्हतं. आमच्याकडून हा अर्ज तलाठ्याकडे रीतसर जायला आठवडा लागला असता आणि तलाठी म्हणाला असता, मला मुदतीनंतर मिळाला. सोमवारच्या आत त्याच्याच सहीची पोच हवी होती. जमिनीच्या कायद्यातच आहे की वारसाची खबर दिली की तलाठ्याने त्याच क्षणी लेखी पोच द्यायची. पण कायद्यात काय आहे हे तलाठ्याला माहीत होतं, तरी सुनंदाला बघितल्यावर तो शिक्का कपाटात आणि किल्ली घरात असंच म्हणणार होता. मी तिला कायदा सांगितला, अडचणही सांगितली. ती म्हणाली, "बघतो मी." आणि म्हशींची वेळ झाली म्हणून एसटीला गेली. शनिवार-रविवार मी घरी नुसती येरझाऱ्या घालत होते. माझ्या मिस्टरांनी विचारलं, तुझी जमीन आहे काय ती?

सोमवारी काय घडलं ते मी डोळ्यांनी पाहिलं नाही. पण तिथं असलेल्या सहा बायकांनी मला ते सहा प्रकारे सांगितलंय आणि मुद्द्याचं सगळ्यांचं जुळतं.

सकाळचं दूध घालून झाल्यावर डेअरीतल्या अकरा बायका तिथूनच चावडीवर, तलाठ्याच्या ऑफिसात गेल्या. प्रत्येकीच्या हातात अर्ज, प्रत्येकीच्या दोन प्रती. अर्जही खरे. कुणाची पिकाची नोंद चुकलेली, कुणाच्या नावात काना राहिलेला, कुणाला विहिरीची नोंद हवी. गावात अशा तक्रारी पडूनच असतात, द्यायला कुणी गेलं नव्हतं इतकंच. सगळ्यांच्या पुढं शांताक्का. ह्या बाईचं माहेर कर्नाटकातलं, आवाज असा की डेअरीत बोलली तर लांबच्या कालव्यावरच्या माणसाला ऐकू जावं. सुनंदा त्या लायनीत नव्हती. ती बाहेर चिंचेखाली बसली होती.

"भाऊसाहेब, अर्ज घ्या, पोच द्या," शांताक्का म्हणाली.

"ठेवा की तिथं. पोच कशाला? मी काय पळून चाललोय?"

"डेअरीवाला बी पळून जात न्हाय. चिठ्ठी देतोय की."

"शिक्का न्हाय आज."

"सही चालती. आमी बसतो हितं, सावकाश करा." आणि अकराही जणी चावडीच्या दारात मांडी घालून बसल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट राहिली नाही. अर्धा तास भाऊसाहेबाने फोन लावले. ते फोन कुणाला लागत होते हे मला माहीत आहे, कारण रावसाहेब इकडे दर पाच मिनिटांनी व्हरांड्यात जात होते.

शेवटी भाऊसाहेबाने पेन उघडलं. पहिला अर्ज वाचला, सही केली. दुसरा वाचला. चौथ्यापासून वाचणं सुटलं, नुसतं 'मिळाला', तारीख, सही. बायका एकीमागून एक पुढं येत होत्या, डेअरीत कॅन घेऊन येतात तशा. नववी आली ती सुनंदाच्या शेजारची. तिच्या हातात दोन अर्ज होते. एक तिचा, विहिरीचा. त्याच्याखालचा सुनंदाचा. अर्ज कुणी आणून दिला ह्याला काही महत्त्व नसतं, अर्जदाराची सही असली की झालं. भाऊसाहेबाने दोन्हींवर 'मिळाला' लिहिलं, तारीख घातली, सही केली.

अकरा बायकांच्या बारा पोचा झाल्या. हे त्याच्या लक्षात आलं दुपारी, जेवण झाल्यावर, गठ्ठा लावताना. म्हणतात की तो तसाच गाडी काढून डेअरीत गेला आणि शांताक्काला म्हणाला, "अक्का, तेवढी एक पोच परत द्या की." शांताक्काने दुधाच्या कॅनवर थाप मारली आणि विचारलं, "कुठली हो भाऊसाहेब? आमच्या हिशेबात सगळ्या बराबर हायत."

संध्याकाळी मी कॉम्प्युटर उघडला. हरकतीच्या रकान्यात सुनंदाचं नाव आलं होतं. मी शिपायाला हाक मारून सगळ्या ऑफिसला चहा सांगितला. रावसाहेबांनी चहा घेतला नाही.

पुढं मला बऱ्याच जणांनी विचारलं, पैसे मागितले होते ना, मग लाचलुचपतवाल्यांकडे का गेली नाही? तो रस्ता आहे आणि चांगला आहे. पैसे द्यायच्या आधी जायचं, ते आधी मागणीची खात्री करून घेतात आणि मग सापळा लावतात. मी सुनंदाला तो सांगितलाही होता. ती म्हणाली, "भाऊसाहेबाला धरून मी काय करू मॅडम? मला माझ्या पोरींची नावं लावायची हायत." मात्र आधीच्या तीन अर्जांचं काय झालं, हे तिनं माहितीच्या अधिकारात विचारलं. त्याची पोच अर्थातच घेतली. उत्तर देता देता भाऊसाहेबाची इतकी तारांबळ उडाली की वरून त्याला खुलाशाची नोटीस निघाली. ती नोटीस माझ्याच टेबलावरून गेली. तिचा जावक नंबर मी जरा ठळक अक्षरात घातला, एवढा आनंद मी करून घेतला.

सुनावणी आमच्याच ऑफिसात झाली, मंडळ अधिकारी बुधवारी तिथं बसायचे. नवीनच आलेली तरुण बाई होती. तिनं कागद पाहिले आणि दिराला विचारलं, "हे तुमचे सख्खे भाऊ होते ना? मग त्यांची बायको आणि मुली वारस नाहीत असं तुम्ही कशावरून म्हणता?" दीर चपलेकडे बघायला लागला. मग म्हणाला, "लावा की नावं. माझी काय हरकत न्हाय." बांधकामवाला त्याच्याबरोबर आला होता, तो एव्हाना गाडीत जाऊन बसला होता.

आदेश निघाला त्या दिवशी सुनंदा एकटी आली नाही. शांताक्का आणि दोन्ही मुली बरोबर होत्या. थोरली बारावीतली, धाकटी सातवीत. आदेशाची प्रत देताना जावक वहीत समोरच्याची सही घ्यावी लागते, कागद मिळाला म्हणून. म्हणजे ह्या खेपेला सरकारलाच सुनंदाकडून पोच हवी होती. मी वही पुढं सरकवली आणि पेन दिलं.

तिनं पेन घेतलं, पण सही केली नाही. खुर्ची ओढून बसली आणि आदेश वाचायला लागली. बोट ठेवून, एकेक ओळ, मोठ्याने. सासऱ्याचं नाव. गट नंबर. दिराचं नाव. स्वतःचं नाव आलं तेव्हा जरा थांबली आणि पदराने नाक पुसलं. मग थोरलीचं नाव, प्रियांका. मग बोट तिथंच थांबलं.

"हे काय लिवलंय?"

मी वाकून पाहिलं. धाकटीचं नाव श्रेया. टाइप करणाऱ्याने श्रेयस केलं होतं.

रावसाहेब मागून आले. त्यांनी चष्म्यातून पाहिलं आणि आपल्या त्या गोड आवाजात म्हणाले, "एवढंच ना? टायपिंगची चूक आहे ताई. करा सही, नंतर दुरुस्तीचा अर्ज द्या, होऊन जाईल. काही हरकत नाही."

सुनंदाने त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं. आवाज चढवला नाही.

"मला हरकत हाय," ती म्हणाली. "माझी पोरगी हाय ती, पोरगा न्हवं. तिचं नाव नीट करून आणा. मी बसतो हितं."

आणि पेन तिनं वहीवर आडवं ठेवलं.

रावसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं. मग त्यांनी आदेश उचलला आणि स्वतः आत गेले, शिपायाला न पाठवता. आतून टाइप केल्याचा आवाज आला, प्रिंटर सुरू झाला, अडकला, परत सुरू झाला. मंडळ अधिकारी सहीसाठी बाहेर येऊन उभ्या राहिल्या. जेवणाची सुट्टी सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती, पण कुणीही डबा उघडला नाही. नवा कागद आला. सुनंदाने तो पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला आणि धाकटीला पुढं ओढून म्हणाली, "हे बघ, हितं तू हायस." मग तिनं सही केली.